नकाशाची चौकट

नागरिकशास्त्राच्या सरांचा गुडघा निखळला
आणि फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला.
मी भूमितीची बाई.
मतदानाचं मला एवढंच ठाऊक
की दर दोन वर्षांनी चर्चच्या तळघरात
मी रांगेत उभी राहते
आणि घरी येऊन सूप गरम करते.

पहिल्या वर्षी मी चुकले. ते आधी सांगते.
फॉर्म वाटत वर्गभर फिरले,
चौथ्या बाकावर एवेराल्डो नुसता बसलेला,
सगळ्यांदेखत विचारलं, "तुझा का कोरा?"
"मला नाही भरता येत, मिस."
मला वाटलं, पेन नसेल.
मी माझं पेन पुढे केलं.
त्यानं ते घेतलंही.
काय करणार होता बिचारा?
वर्ग असा गप्प झाला
की नदीकाठच्या शेतातलं
मका कापायचं यंत्र ऐकू येऊ लागलं.
"आपण या देशाचे नागरिक आहात का?"
पहिलाच प्रश्न.
शंभरदा वाचला होता मी,
ऐकला त्या दिवशी.

तेव्हापासून कानाला खडा.
आता प्रत्येकाच्या हातात बंद पाकीट.
भरा, नका भरू, घरी न्या, चहा सांडा त्यावर.
कुणी भरला ते मी विचारणार नाही,
तुम्हीही शेजाऱ्याला विचारायचं नाही.
एवढं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते,
ऑक्टोबर संपेपर्यंत पुसत नाही.

"मिस, तुम्ही कोणत्या बाजूच्या?"
दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
"कर्णाच्या," मी म्हणते,
"काटकोनापासून लांब असते ती."
हसतात. मग लिहायला लागतात.

आणि मग कळतं, यांना सहीच नाही.
सतरा वर्षांची माणसं,
अंगठ्यानं अख्खं जग सरकवणारी,
आपलं नाव वळणदार कसं काढायचं
ते मला विचारतात.
झिओमारानं वहीचं पान भरलं सह्यांनी,
शेवटच्या अक्षराला शेपूट द्यावं की नाही
यावर तास संपला.
मी म्हटलं, जी उद्याही काढता येईल ती काढ.
तिनं शेपूट ठेवलं.

टॅमसिन ड्वोराक घंटा झाल्यावर थांबली.
"आमच्या रस्त्याला नाव नाही, मिस.
घराला नंबर नाही. घर तरी कसलं,
चाकं काढलेला ट्रेलर."
फॉर्मच्या तळाशी एक रिकामी चौकट असते,
नेमकी अशांसाठी:
जवळचे रस्ते काढा, खुणेची ठिकाणं दाखवा,
राहता तिथे फुली मारा.
इतकी वर्षं मी ती ओलांडून जात होते.
मी भूमितीची बाई!

पट्टी काढली, टोक केलेली पेन्सिल काढली.
तिनं धान्याचा मनोरा काढला,
खडीचा रस्ता, एक वाळकं कॉटनवूड.
"पडणार नाही अशी खूण घे," मी म्हटलं.
"ते आजोबांच्या आधीपासून मेलेलंच आहे, मिस.
पडत नाही."
मग उत्तरेचा बाण.
मग बराच वेळ पेन्सिल हवेत.
तिच्या पेपरांवर गेली दोन वर्षं
मी लाल फुल्या मारत आले,
फुली म्हणजे चूक, फुली म्हणजे पुन्हा कर.
तिनं ती मारली, हलक्या हातानं,
मग पुन्हा गिरवली, दाबून.

शेवटच्या दिवशी दारात एवेराल्डो.
मांसाच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेला,
रबरी बूट बाहेर काढून, मोज्यांवर.
धाकट्या बहिणीला घेऊन आला होता,
ही इथेच जन्मलेली, नायेली,
मार्चमध्ये अठराची होईल.
तिनं पाकीट फोडलं, दप्तर चाचपलं.
त्यानं खिशातून पेन काढून दिलं.
टोपण चावून चपटं झालेलं, पण माझंच.
मी काही बोलले नाही.
तो खिडकीशी जाऊन उभा राहिला,
फॉर्मकडे पाठ करून,
आणि तिनं विचारली तेव्हा
गल्लीच्या नावाची अक्षरं
न वळता एकेक सांगत गेला.

आठवड्यानं काउंटीच्या कचेरीतून फोन.
कारकून बाई वैतागलेल्या:
"हे ड्वोराक कोण? झाडाच्या डावीकडे राहतात
की उजवीकडे?"
"बाण बघा," मी म्हटलं,
"कागद फिरवा,
उत्तर वर येईपर्यंत."
पलीकडे कागद फिरल्याचा आवाज आला.
"हां," त्या म्हणाल्या. "सापडली."